एक टीबीचा मुहूर्त

शाळेच्या कार्यालयात, मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे, काचेचं कपाट होतं. त्यात वरच्या फळीवर पृथ्वीचा गोल होता, खो-खोचा करंडक होता, आणि त्या दोघांच्या मधोमध झेंडूचा हार घातलेला, वीतभर लांबीचा पुठ्ठ्याचा खोका होता. हार सुकला की मुख्याध्यापक दीपेश सर स्वतःच्या हाताने नवा घालत. एखाद्या नव्या माणसाने "सर, हे काय?" असं विचारलं, तर ते आवाज खाली आणून सांगत, "नितीनशेठ... एक टीबी..." ऐकणाऱ्याला आधी वाटे शेठ गेले, आणि मग वाटे टीबीने गेले. प्रत्यक्षात शेठ बोर्डीला आपल्या चिकूच्या वाडीत ठणठणीत होते. खोक्यात त्यांनी शाळेला भेट दिलेली एक टेराबाइटची, म्हणजे हजार जीबीची, हार्ड डिस्क होती. ती तीन महिने कपाटात बसून होती, कारण तिचं उद्घाटन व्हायचं राहिलं होतं.

नितीनशेठ दिलदार माणूस. शाळेतल्या शिक्षिका भारतीबाईंनी ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे शब्द टाकला, "शेठ, शाळेचा कॉम्प्युटर भरलाय, एक जादा डिस्क मिळाली तर बरं होईल," आणि दुसऱ्याच दिवशी डिस्क दारात हजर. सोबत निरोप होता: बसवू नका, मी येऊन माझ्या हाताने बसवणार. त्यापाठोपाठ टेम्पोतून फलक आला. दहा फूट रुंद, सहा फूट उंच. त्यावर शेठचा फोटो, शेठच्या मंडळाच्या अकरा सदस्यांचे फोटो, आणि एका कोपऱ्यात, जागा उरली म्हणून, डिस्कचं चित्र. सातवीच्या लक्ष्याने डिस्कचं माप खोक्यावर वाचून दोघांचं क्षेत्रफळ काढलं तेव्हा फलक डिस्कपेक्षा सुमारे पावणेचारशे पट मोठा निघाला. उदाहरण चांगलं होतं म्हणून बाईंनी ते फळ्यावर घेतलं आणि दीपेश सर येताना दिसले तसं पुसलं.

पहिली तारीख पितृपक्षात आली. पितरांच्या पंधरवड्यात शुभकार्य कसं करणार? दुसरी नवरात्रात आली, तर शेठ गरब्यात. तिसरी दिवाळीत आली, आणि दिवाळीत शेठ कुणालाच सापडले नाहीत. आता चौथी ठरली होती, येता सोमवार.

खरं तर कॉम्प्युटर भरायचं काही कारण नव्हतं. आत शिकवण्याच्या कामाचं असं फार थोडं होतं. पण गेली सहा वर्षं वरच्या कार्यालयातून हुकूम येत: झाड लावलं, फोटो पाठवा. हात धुतले, फोटो पाठवा. खिचडी शिजली, फोटो पाठवा. मुलं खिचडी खाताना पाठवा, खाऊन हसताना पाठवा. पाहुणे आले, बोलले, गेले, सगळ्याचे फोटो पाठवा, आणि पाठवलेले जपूनही ठेवा, कधीही मागू. असे एकतीस हजार फोटो जमले होते. त्यात एकच आंब्याचं रोप चौदा वेगवेगळ्या पाहुण्यांनी चौदा वेळा लावलं होतं. रोपाने तिसऱ्या खेपेलाच मान टाकली होती, पण फोटोत ते शेवटपर्यंत टवटवीत दिसे.

"सर, हे थोडे काढून टाकू या का?" बाईंनी एकदा विचारलं होतं.

"भारतीबाई, तो दप्तराचा भाग आहे," दीपेश सर म्हणाले होते, आणि त्यांनी कॉम्प्युटरकडे असं पाहिलं होतं की जणू बाईंनी त्याचंच हृदय काढायला सांगितलं.

आता बाईंना जागा का हवी होती, ते सांगायला हवं.

या पाड्यावर दिवाळी सरली, भात झोडून झालं, की घरं रिकामी होतात. वसई, भिवंडीच्या बाजूला वीटभट्ट्या पेटतात आणि माणसं कुटुंबासकट तिकडे जातात. मुलंही जातात. मे-जूनमध्ये परत येतात, तोवर वर्गातली बाकं पुढे निघून गेलेली असतात. मागच्या साली बाईंच्या वर्गातली सात मुलं गेली आणि चार परतली. उरलेली तीन वयात आली, असं त्यांच्या घरचे म्हणाले. विटा उचलायच्या वयात, असा त्याचा अर्थ.

परतलेल्या चारांत तुळशी होती. हुशार मुलगी. पण सहा-सात महिन्यांनी येऊन बसली तेव्हा अपूर्णांक तिच्यासाठी परक्या गावचे झाले होते. महिनाभर ती शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसली. यंदा सप्टेंबरात तिने बाईंना सरळ सांगितलं, "बाई, परत तसं झालं तर मी येणारच नाय. लहान पोरं हसतात."

बाईंची चोवीस वर्षं शिकवण्यात गेली होती. मुलगी रागाने बोलते की ठरवून बोलते, एवढं त्यांना कळत होतं. त्याच आठवड्यात त्यांनी धडे करायला घेतले. व्हरांड्यात फळा टेकवायचा, समोर बाकावर पाटी-पुस्तकांच्या आधाराने आपला फोन उभा करायचा आणि शिकवायचं. दहा-दहा मिनिटांचा एकेक धडा, मुलांच्या घरच्या बोलीतले शब्द मिसळून. चोवीस धडे झाले. भट्टीवर फोनला रेंज मिळे ती मुकादमाच्या खोलीजवळ, तीही लहर लागली तर. म्हणून धडे मेमरी कार्डात भरून आईबापांच्या फोनमध्ये घालून द्यायचे होते. पण त्याआधी त्यांची काटछाट हवी होती. प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला बाई फोन नीट उभा करत होत्या, शेवटी तो उचलायला धावत होत्या, आणि अकराव्या धड्यात तर एक कोंबडी समच्छेद अपूर्णांकांवरून चालत गेली होती. हे सगळं कापायचं आणि लहान करायचं काम कॉम्प्युटरवरच होणार होतं. आणि कॉम्प्युटर एकच वाक्य बोलत होता: जागा अपुरी आहे.

टेम्पो पुढल्या बुधवारी येणार होता. म्हणजे सोमवारी शेठ येतील, नारळ फुटेल, डिस्क बसेल, मंगळवारी धडे भरून होतील. बाईंनी बोटांवर दिवस मोजून तेवढ्यावर मन घट्ट केलं होतं.

या बुधवारी दुपारी तुळशीचा बाप सुक्या शाळेच्या दारात येऊन उभा राहिला.

"बाई, मुकादमाचा फोन आलेला. टेम्पो परवा येते. शुक्रवारी, पहाटं."

"परवा? अरे, पुढच्या आठवड्यात ठरलं होतं ना?"

"भट्टी लवकर लावतात म्हणं." सुक्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "तुमचे ते धडे झाले का? तुळशीनं सगळ्या गाण्यांवर पाणी सोडायला लावलंय मला. फोन रिकामा करून ठेवलाय."

बाई तशाच कार्यालयात गेल्या. दीपेश सर हार बदलत होते.

"सर, डिस्क आजच बसवायला हवी."

"सोमवारी बसतेय की."

"मुलं शुक्रवारी जातायत."

दीपेश सरांनी हार अर्धा घातलेला सोडला. सर वाईट माणूस नव्हते. त्यांना मुलांविषयी माया होती, पण त्या मायेला ते नेहमी योग्य मार्गाने पाठवत, आणि योग्य मार्गावर बरीच कार्यालयं लागत. त्यांनी शेठना फोन लावला आणि दोघांनाही ऐकू येईल असा ठेवला. पलीकडे ढोल वाजत होता. शेठ सुरतेला कुणाच्या तरी लग्नात होते.

"अरे भारतीबेन, उतावळ शानी? घाई कसली?" शेठ ओरडून बोलत होते. "सोमवारी पक्कं! फोटोवाला सांगून ठेवलाय. ड्रोन आणतोय, ड्रोन! वरून शाळेचा फोटो येणार."

"शेठ, मुलं तोवर..."

"मुलांना सांगा, सगळ्यांनी युनिफॉर्म घाला!" आणि ढोल बंद झाला.

हार्ड डिस्कचं उद्घाटन ड्रोनमधून कसं दिसेल, याचा विचार दोघंही करत असावेत.

"सर, एक विचारू?" बाई सावकाश म्हणाल्या. चौथीच्या मुलाला भागाकार शिकवताना त्या अशाच सावकाश बोलत. "सोमवारी शेठ नक्की काय करणार?"

"नारळ फोडणार. फीत कापणार. भाषण."

"कॉम्प्युटर उघडणार?"

"छे! ते कशाला उघडतील? ती तांत्रिक बाब झाली."

"मग डिस्क खोक्यात असली काय नि कॉम्प्युटरमध्ये असली काय..."

"भारतीबाई!" सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बराच वेळ ते कपाटाकडे बघत राहिले. पृथ्वीचा गोल बघितला, करंडक बघितला. मग अगदी वेगळ्याच विषयावर बोलल्यासारखे म्हणाले, "उद्या मला तालुक्याला बैठक आहे. दिवसभर. कपाटाची किल्ली बहुधा टेबलावर विसरेन."

"तुम्ही कधी काही विसरत नाही, सर."

"उद्या विसरेन," सर म्हणाले. "आणि हे पाहा, खोका नीट उघडा. फाटला तर माझी नोकरी फाटेल. तळाकडून उघडा."

गुरुवारी सकाळी सातवीचा वर्ग कार्यालयात भरला. बाईंनी कॉम्प्युटर बंद केला, भिंतीतून वायर काढली आणि मधल्या मोठ्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर तो लोखंडी डबा आडवा ठेवला. मुलांनी त्याभोवती गर्दी केली.

"आता वीज गेली ना आतली?" बाईंनी विचारलं.

"गेली. वायर काढली," शितल म्हणाली. सगळ्यात पुढे तीच होती.

"सगळी नाही गेली. थोडी आत लपून बसते. सुरू करायचं बटण दाबून धर. हं, दहा मोज. आता गेली. आणि आपल्याही अंगात थोडी असते. स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, ती. डिस्कला ती सोसत नाही. म्हणून आत हात घालण्याआधी या डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा. सगळ्यांनी लावा."

सगळ्यांनी लावला. लक्ष्याने लावून तोच हात कपाळालाही लावला.

"नमस्कार नाही करायचा, नुसता लावायचा."

"सवय आहे, बाई."

मागचे चार स्क्रू फिरवून बाजूचं झाकण सरकवलं आणि वर्गातून एकच "अरे!" उठला. आतमध्ये तांदूळ होते. मूठभर, लाल-पिवळे, धुळीत माखलेले. पंख्याच्या पात्यांत झेंडूच्या पाकळ्या अडकल्या होत्या आणि एका हिरव्या पट्टीवर कुंकवाचा थर होता. दर खंडेनवमीला दीपेश सर कॉम्प्युटरची पूजा करत आणि पूजा मनापासून करत. बाहेर बोट लावून त्यांचं समाधान होत नसे. अक्षता ते हवा जायच्या जाळीतून थेट आत टाकत, देवाच्या मुखी नैवेद्य पडावा तशा. सहा वर्षांच्या सहा पूजा आत साठल्या होत्या.

"बाई, हा जेवतो!" लक्ष्या म्हणाला.

"जेवतो आणि पचवत नाही. म्हणून तर उन्हाळ्यात तापून बंद पडतो."

रंगकामाच्या मऊ कुंचल्याने मुलांनी सगळं हळूहळू झाडून काढलं. तांदूळ वाटीत जमवले. ते कुणी मोजायला घेणार, एवढ्यात बाईंनी खोका तळाकडून उघडला आणि डिस्क टेबलावर ठेवली. आंघोळीच्या साबणाच्या दोन मोठ्या वड्या शेजारी-शेजारी ठेवल्यासारखी, जड आणि थंडगार. तिला बघून मुलं थोडी हिरमुसली. तीन महिने हार घालून घेणारी वस्तू याहून मोठी असेल, असं त्यांना वाटलं होतं.

"घरात भाताची कणगी भरली की काय करता?" बाईंनी विचारलं.

"दुसरी मांडतो," तुळशी म्हणाली.

"जुनी फेकून देता?"

"नाय. ती असते तिथंच. शेजारी दुसरी."

"झालं. एवढंच करायचंय. ही जुनी कणगी, तिला हात लावायचा नाही. ही नवी. ही तिच्याखालच्या खणात सरकवायची."

नवी डिस्क खणात सरकली. आता तिला दोन वायरी लागणार होत्या, एक विजेची, एक माहितीची. बाईंनी खोका उलटा करून झटकला. त्यातून एक कागद पडला, त्यावर बावीस भाषांत सूचना होत्या. वायर नव्हती, स्क्रूही नव्हते. शेठनी डिस्क दिली होती आणि फलक दिला होता. वायरीला फोटोत कोण विचारतो?

"आता?" शितलचा चेहरा पडला. तलासरीच्या बाजारात जाऊन वायर शोधून आणण्यात दुपार गेली असती, आणि मिळेल याचाही भरवसा नव्हता.

बाई डब्यात वाकून बघत राहिल्या. मग त्यांनी वरच्या खणातल्या रुंद पेटीवर बोट ठेवलं. "ही कशाची?"

कुणालाच माहीत नव्हतं.

"सीडी घालायची."

"सीडी म्हणजे काय, बाई?"

"बघा, म्हणजे हिची कुणाला गरज उरली नाही. पण सहा वर्षं हिला दोन्ही वायरी जोडून ठेवल्यात. मान आहे, काम नाही." बाईंनी तिच्या दोन्ही वायरी हळूच काढल्या. "आता या नव्या डिस्कला लाव, तुळशी. टोकाचा आकार बघ आधी, काटकोनात वळलेला आहे. एकाच बाजूने जातो. जोर लावावा लागला तर समज, आपलं चुकतंय."

हे वाक्य खरं तर कार्यालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावण्यासारखं होतं, पण तिथे जागा नव्हती. तुळशीने टोक उलटसुलट करून पाहिलं, मग ते अलगद आत गेलं. सीडीच्या पेटीचे स्क्रू काढून बघितले, तर त्यांचे आटे बारीक निघाले, डिस्कला बसेनात. शेवटी झाकणाचे दोन जाड स्क्रू डिस्कला लावले आणि झाकण उरलेल्या दोनांवर राहिलं.

वायर भिंतीत गेली, बटण दाबलं, पडदा उजळला. शितलने धावत जाऊन कॉम्प्युटरमधले कप्पे बघितले. जुने तेवढेच होते.

"बाई, नवी नाय दिसत!"

"शेठनं पोकळ दिली," लक्ष्याने निकाल दिला.

"थांबा रे. नुसती माळावरची जमीन मिळाली म्हणून तिला कुणी शेत म्हणतं का? बांध घालावा लागतो, नाव लावावं लागतं. तोवर ती कुणाच्या नजरेत भरत नाही." बाईंनी डिस्कांची व्यवस्था बघायचं पान उघडलं. दोन आडव्या पट्ट्या आल्या. एकीपुढे लिहिलं होतं डिस्क शून्य, दुसरीपुढे डिस्क एक. "लक्ष्या, माउस धर. नवी कोणती ते सांग. तिच्यावर बांध घालायचा. पण लक्षात ठेव, ज्या डिस्कवर नवा बांध घालशील तिच्यावरचं जुनं पीक जाणार."

"सोप्पं आहे," लक्ष्या म्हणाला आणि त्याने बाण डिस्क शून्यवर नेला. "शून्य म्हणजे काहीच नाही. ही रिकामी."

वर्गातल्या निम्म्यांनी माना डोलावल्या. पहिलीपासून बाईंनीच तसं शिकवलं होतं. टोपलीत शून्य आंबे म्हणजे टोपली रिकामी. लक्ष्याचं बोट बटणावर होतं. एकतीस हजार फोटो, चौदा वेळा लावलेलं रोप, हसत खिचडी खाणारी सहा वर्षं, सगळं त्या बोटाखाली होतं. आणि खोटं कशाला, एक क्षण बाईंच्याही मनात आलं, होऊन जाऊ दे.

"थांब!" तुळशीने त्याचा हात धरला. "शून्यची पट्टी भरलेली दाखवते, निळी. चारशे पासष्ट जीबी. एकची काळी आहे, नऊशे एकतीस. मोठी ती नवी."

"मग पहिलीला शून्य का म्हणतात?"

"कॉम्प्युटर मोजायला शून्यापासून सुरुवात करतो," बाई म्हणाल्या. "चूक माझी, लक्ष्या. मी टोपलीचं शून्य शिकवलं, रांगेतलं शून्य शिकवायचं राहिलं. दरवेळी नाव बघायचं नाही, आत काय आहे ते बघायचं."

"पण बाई, शेठ हजार बोलले. इथं नऊशे एकतीस. एकोणसत्तर कुठं गेले?" शितलने विचारलं.

"शेठनी नाही खाल्ले. विकणारा हजार-हजाराने मोजतो, कॉम्प्युटर एक हजार चोवीसने मोजतो. दोघंही खरं बोलतात, मापं वेगळी."

लक्ष्याच्या मते त्यात कुठेतरी लबाडी होतीच, पण त्याने काळ्या पट्टीवर बांध घातला. कॉम्प्युटरने नाव विचारलं, तेव्हा नितीनशेठचं नाव द्यावं की नाही यावर थोडी चर्चा झाली. शेवटी 'कणगी' असं नाव लागलं.

मग खरं काम सुरू झालं. फोनमधले धडे कणगीत उतरले. बाई कापत गेल्या, फक्त पुढचं शेपूट आणि मागचं शेपूट, मधलं ऐकत बसायला वेळ नव्हता. दुपारी तीनला वीज गेली. ती पाचला आली तोवर मुलं ओसरीत बसून, वाटीतले तांदूळ वाटून घेऊन, समान भाग करत होती. संध्याकाळी साडेसातपर्यंत अठरा धडे तयार झाले. सहा राहिले, राहिलेच. सुक्या आणि आणखी सहा घरांतली माणसं फोन घेऊन दाराशी उभी होती. सात फोन, सात कार्डं. प्रत्येक कार्ड भरलं की बाई एक धडा लावून बघायच्या, आवाज येतो ना, आणि फोन परत द्यायच्या.

"सगळी गाणी गेली माझी," सुक्या फोन खिशात घालत म्हणाला. "आता भट्टीवर नाचायचं झालं तर अपूर्णांकावर नाचू."

रिकामा खोका बाईंनी तळाकडून चिकटवला, हार घातला आणि कपाटात होता तिथे ठेवला. किल्ली टेबलावर विसरली.

शुक्रवारी पहाटे टेम्पो आला. पातेली, गोधड्या, दोन कोंबड्या आणि त्यांच्या मध्ये मुलं. तुळशीने बाईंना हात केला. लक्ष्याही त्याच टेम्पोत होता. धूळ खाली बसेपर्यंत बाई रस्त्यावर उभ्या राहिल्या, मग शाळेत येऊन त्यांनी हजेरी घेतली. ती लवकर संपली.

सोमवारी शेठ आले. ड्रोनही आला, आणि शाळेच्या कौलांवरून घोंगावत फिरताना त्याने पाड्यावरच्या उरल्यासुरल्या सगळ्या कोंबड्यांना झुडपात पिटाळलं. फलक पटांगणात उभा होता. युनिफॉर्म घातलेली मुलं त्याच्यासमोर रांगेत बसली होती. रांग आखूड दिसत होती, म्हणून दीपेश सरांनी बालवाडीही आणून बसवली होती. टेबलावर लाल कापड, कापडावर ताट, ताटात खोका, खोक्याभोवती गुलाबी फीत. नारळ फुटला. फीत कापली. शेठनी खोका दोन्ही हातांनी उचलला आणि ते थबकले.

"किती हलकी!"

दीपेश सरांच्या कपाळावर घाम आला.

"बघा, बघा टेक्नॉलॉजी!" शेठ माईककडे वळले. "आमच्या वेळेला एवढी माहिती ठेवायला गोदाम लागायचं. आता? कापूस!" टाळ्या झाल्या. "चला, उघडा. हातात धरून फोटो काढू."

बाईंनी सरांकडे पाहिलं. चोवीस वर्षांत त्यांनी सरांना एकदाही चटकन उत्तर देताना पाहिलं नव्हतं.

"शेठ," दीपेश सर घसा साफ करून म्हणाले, "माणसाच्या अंगात वीज असते. मोकळ्या हाताने धरली तर डिस्क खराब होते. तांत्रिक बाब आहे. भारतीबाईंना विचारा."

"खरं आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

"माझ्या अंगातसुद्धा वीज?" शेठनी आपल्या हातांकडे कौतुकाने पाहिलं.

"तुमच्या अंगात जरा जास्तच, शेठ."

शेठ खूश झाले. त्यांनी खोका जपून ताटात ठेवला आणि भाषणाला सुरुवात केली. भाषण फोटोंसह होतं, म्हणजे प्रत्येक मुद्द्याला ते थांबत आणि फोटोवाल्याकडे बघत. हे सगळे फोटो उद्या जपून ठेवायला लागणार, आणि त्यांना जागाही भरपूर झाली होती. शेठ "ह्या डिस्कमुळे गरिबाच्या मुलाचं भविष्य" इथपर्यंत आले, तेव्हा बाईंच्या पिशवीतला फोन थरथरला. नाव सुक्याचं होतं. बाई उठून व्हरांड्याच्या टोकाला गेल्या.

"बाई? मी तुळशी." मागे वारा होता आणि कुणीतरी ओरडून बोलत होतं. "मुकादमाच्या खोलीमागं उभी आहे, लवकर बोलते. बाई, पाचवा धडा चुकलाय."

"काय चुकलंय?"

"तुम्ही बारा सक चौऱ्याहत्तर म्हणालात."

बाईंनी मनात पाढा म्हणून पाहिला. बहात्तर.

"मी असं म्हणाले?"

"तीन वेळा ऐकलं. लक्ष्या म्हणतो, बाई बोलल्या तेच बरोबर. दुसऱ्या पाड्याची पोरं पण ऐकायला बसतात, ती पण म्हणतात चौऱ्याहत्तर. भांडणच झालं. मग मी कच्च्या विटा लावल्या, बाराच्या सहा ओळी, आणि सगळ्यांना मोजायला लावल्या. बहात्तर झाल्या. तरी लक्ष्या म्हणतो, दोन विटा कुणी तरी चोरल्या."

पटांगणात टाळ्या वाजल्या. बाईंना हसू फुटलं, आणि ते आवरायला त्यांनी खांबाला हात टेकला.

"तुझंच बरोबर आहे, तुळशी. मी चुकले."

"मला ठाऊक आहे," पलीकडून शांतपणे उत्तर आलं. "पण लक्ष्याला तुमच्या तोंडून ऐकायचंय. मला नाय ऐकत तो. तुम्ही आवाज भरून पाठवा, मी उद्या इथं येऊन उतरवून घेते. आणि बाई, पाठवायच्या आधी एकदा ऐका."

फोन बंद झाला. पटांगणातून दीपेश सर हातवारे करून बोलावत होते. आभारप्रदर्शन बाईंकडे होतं. बाईंनी त्यांना एक बोट दाखवलं, एक मिनिट, आणि त्या कार्यालयात शिरल्या, दार लोटलं, फोन तोंडाजवळ धरला आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "पाचव्या धड्यात बाईंची चूक झाली आहे. ती तुळशीने काढली. बारा सक बहात्तर." मग त्यांनी ते सगळं पहिल्यापासून एकदा ऐकलं, आणि मगच पाठवलं.